लहान पाणीयोजना हाती आली आहे? शेवटच्या नळापासून सुरुवात करा

पाणीयोजनेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मला तीन गोष्टी मिळाल्या: चाव्यांचा जुडगा, अर्धं भरलेलं ब्लीचिंग पावडरचं पोतं आणि एक नोंदवही. नोंदवही नीटनेटकी होती. रोजची तारीख, रोजची सही आणि क्लोरिनच्या रकान्यात रोज ०.५ (लिटरमागे मिलिग्रॅम). सलग चौदा महिने एकही आकडा ०.४ नाही की ०.६ नाही. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यात लांबच्या घरी जाऊन नळाचं पाणी तपासलं, तर क्लोरिन मोजायच्या किटमध्ये रंगच आला नाही. क्लोरिन शून्य होता.

आधीच्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. किटच्या गोळ्या संपल्या होत्या, नव्या कोणी आणून दिल्या नव्हत्या आणि वही कोरी दिसू नये एवढ्यासाठी तो आकडा पडत होता. पण अशा वहीची किंमत कोणी चुकवली आहे ते माहीत असू द्या. कॅनडातल्या वॉकरटन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरिन पुरेसा नव्हता आणि नोंदी मात्र न मोजता लिहिल्या जात होत्या. सात माणसं गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीत त्या खोट्या नोंदी उघड झाल्या.

विहीर, बोअर किंवा झरा, एखादी टाकी, क्लोरिन टाकायची काहीतरी सोय आणि काही शे किंवा काही हजार माणसांपर्यंत जाणारे नळ, अशी योजना ज्यांच्याकडे नव्याने आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुम्ही समितीचे सदस्य असाल, सचिव असाल, नाहीतर रोज व्हॉल्व्ह फिरवणारे असाल. इंजिनिअर असण्याची गरज नाही. मीही नाही.

१. तुम्हाला लागू होणारा नियम लेखी मिळवा

सुरुवात इथून करा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. तुमच्यावर देखरेख ठेवणारं खातं कोणतं, ते नेमक्या कोणत्या घटकांची मर्यादा घालतं, वर्षातून किती नमुने मागतं, दोष सापडला तर किती तासांत कळवायला सांगतं, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका. मला तीन जणांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती आणि तिघांनाही आपलंच बरोबर असल्याची खात्री होती.

या लेखातले आकडे मुख्यतः जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांवरचे आहेत. बरेच देश आपली मानकं ठरवताना त्यांचा आधार घेतात. पण तुमच्या भागाचा नियम त्याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

२. उगमापासून शेवटच्या नळापर्यंत पायी चाला

नकाशा असो वा नसो, एक दिवस काढा आणि योजना पायाखालून घाला. सोबत जुना व्हॉल्व्हमन किंवा प्लंबर असला तर उत्तम, कारण जमिनीखालचा निम्मा नकाशा त्याच्या डोक्यातच असतो. तो निवृत्त होण्याआधी हा नकाशा कागदावर उतरवून घ्या.

उगमापाशी पाहायचं ते असं. विहिरीला कठडा आणि वर झाकण आहे का? बोअरचं केसिंग (बोअरला आतून आधार देणारा पाइप) जमिनीच्या वर आलेलं आहे का आणि त्याचं तोंड घट्ट बंद आहे का? भोवतीच्या ओट्याला तडा आहे का? सांडलेलं पाणी लांब वाहून जातं की तिथेच मुरतं? चढाच्या बाजूला संडासाचा शोषखड्डा, गोठा, उकिरडा, खताचा ढीग आहे का? शोषखड्ड्यापासून तीस मीटर अंतर पुरे, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. भेगाळ खडकात किंवा भरड वाळूत तेवढ्यावर विसंबू नका, तिथे घाण त्याहून लांबपर्यंत जाते.

बोअरचं पाणी खोलवरचं म्हणून शुद्धच, ही समजूत फार घट्ट बसलेली असते. न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये बोअरचं पाणी क्लोरिनशिवाय पुरवलं जात होतं. ऑगस्ट २०१६ च्या मोठ्या पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांमधले जंतू भूजलात शिरले. सुमारे चौदा हजार वस्तीच्या त्या गावात पाच हजारांहून जास्त माणसं आजारी पडली.

टाकीवर चढलात की मॅनहोलच्या झाकणाला कुलूप आहे का पाहा. हवेच्या नळीला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी. ती नसेल तर पक्षी, पाली, उंदीर आत जातातच. आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही: पाणी आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप एकाच बाजूला, जवळजवळ आहेत का? तसं असेल तर ताजं पाणी टाकीत न फिरता सरळ बाहेर पडतं आणि क्लोरिनला काम करायला वेळच मिळत नाही.

मग जलवाहिनी. गटारातून जाणारे पाइप, पाण्याने भरलेले व्हॉल्व्हचे खड्डे, ओली राहणारी जागा, सगळं टिपून घ्या. पाणी ठरावीक वेळेलाच सुटत असेल तर हे जास्त गंभीर आहे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि जिथून पाणी गळत होतं तिथूनच बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. घरात बादलीत बुडालेली रबरी नळीही तसंच उलटं ओढू शकते. नळाचं तोंड आणि भांड्यातलं पाणी यांत अंतर ठेवायला लोकांना सांगा.

प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा, तारीख टाका. सापडलेल्या दोषांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: यातून घाण पाण्यात शिरू शकते का, दुरुस्ती कोण करणार, कधीपर्यंत. ‘जलसुरक्षा आराखडा’ नावाचा भारदस्त कागद जो मागितला जातो त्याचा गाभा हाच असतो. बाकी त्याला मुखपृष्ठ लागतं, एवढंच.

३. साहित्य आणि कागद

साहित्य:
- डीपीडी पद्धतीचं (गुलाबी रंग देणाऱ्या रसायनाचं) क्लोरिन किट आणि मुदत न संपलेल्या गोळ्या
- पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, मोजायची सोय (बऱ्याच किटमध्ये जोडीला असते)
- गढूळपणा मोजायची नळी किंवा मीटर
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा, मापाचं भांडं, झाकणाच्या प्लास्टिक बादल्या
- रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, मास्क
- बर्फाच्या पिशव्या बसतील असा थंड डबा

कागद:
- योजनेचा नकाशा, हाताने काढलेला असला तरी चालेल
- उगम आणि बोअरची माहिती: खोली, केसिंग किती, पंप केव्हा बसवला
- मागचे सगळे तपासणी अहवाल
- रोजची नोंदवही आणि तक्रारवही
- क्लोरिन पावडरच्या खरेदीच्या पावत्या, बॅच आणि तारखेसह
- देखरेख करणारं खातं, प्रयोगशाळा, जवळचं आरोग्य केंद्र यांचे फोन क्रमांक, टाकीच्या खोलीतल्या भिंतीवर लावलेले

जुने अहवाल फाइलमध्ये सापडले नाहीत तर थेट प्रयोगशाळेकडे प्रती मागा. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे नोंद असते.

४. क्लोरिन किती घालायचा ते स्वतः काढा

‘या टाकीला दोन मुठी’ असा हिशेब मला वारशाने मिळाला होता. मूठ माणसागणिक बदलते, पावडरची ताकद महिन्यागणिक बदलते आणि पाणी ऋतूगणिक.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पाण्यात घातलेल्या क्लोरिनचा काही भाग तिथला गाळ, लोह, सेंद्रिय घाण आणि जंतू यांच्यावर खर्च होतो. तो भागला की जे शिल्लक राहतं त्याला मुक्त अवशेष क्लोरिन म्हणतात. पुढे पाइपात काही शिरलं तर राखण करायला हाच उरलेला असतो. म्हणून किती घातला यापेक्षा किती उरला ते महत्त्वाचं. मार्गदर्शक मूल्य असं आहे: क्लोरिन मिसळल्यावर किमान तीस मिनिटांनी लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असावा, पीएच ८ च्या खाली असावा आणि ग्राहकाच्या नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम उरावा.

डोस काढायची बादलीची पद्धत अशी.

३३ टक्के ताकदीची, म्हणजे वजनाच्या ३३ टक्के उपयोगी क्लोरिन देणारी, ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर एक लिटर पाण्यात कालवा. गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं घ्या. हे साधारण १ टक्क्याचं द्रावण झालं, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरिन. आता चार बादल्यांत तुमच्या उगमाचं प्रत्येकी २० लिटर पाणी भरा. त्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर द्रावण घाला. लिटरमागे ते १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम होतं. ढवळा, झाका, तीस मिनिटं थांबा आणि प्रत्येक बादलीतला मुक्त क्लोरिन मोजा. ज्या बादलीत ०.५ किंवा त्याहून किंचित जास्त उरला तो तुमचा सुरुवातीचा डोस.

समजा दुसरी बादली जुळली, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. टाकी ५०,००० लिटरची असेल तर १,००,००० मिलिग्रॅम म्हणजे १०० ग्रॅम क्लोरिन लागेल. ३३ टक्के पावडर असेल तर सुमारे ३०० ग्रॅम. हीच पावडर दमट खोलीत पडून २० टक्क्यांवर उतरली असेल तर ५०० ग्रॅम. पोतं तेच दिसतं, वासही येतो, पण काम निम्म्याच्या आसपास होतं. माझ्याकडे आलेलं ते अर्धं पोतं असंच होतं. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. पत्र्याच्या डब्यात नको, पत्रा गंजतो. थोडी थोडी आणा, जुनी आधी वापरा. द्रव हायपोक्लोराइट (क्लोरिनचं तयार द्रावण) असेल तर त्याचीही ताकद उन्हाने आणि उष्णतेने उतरते.

शेवटच्या नळाशी ०.२ येत नसेल तर डोस थोडा थोडा वाढवा. पण पहिल्या घरी नाकाला झोंबेल इतका वास आणि शेवटच्या घरी शून्य अशी स्थिती असेल तर दोष डोसमध्ये नाही. पाइपात गाळ आहे, कुठेतरी गळती आहे किंवा पाणी तिथे फार वेळ साचून राहतं. शेवटच्या टोकाचा वॉशआउट व्हॉल्व्ह (पाइप धुऊन काढायचा व्हॉल्व्ह) उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या आणि मग पुन्हा मोजा.

पीएच आणि गढूळपणा विसरू नका. पीएच साडेसातच्या वर जाऊ लागला की क्लोरिनचा जास्त मारक भाग निम्म्याहून कमी होतो. आठच्या वर किटमध्ये आकडा चांगला दिसला तरी काम मंदावतं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात. क्लोरिन घालण्याआधी गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणता आला तर उत्तम, लहान योजनेत निदान ५ च्या खाली ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर उगमाचं पाणी गढूळ येत असेल तर शक्य असल्यास तो पहिला लोंढा टाकीत घेऊच नका.

हाताळणीच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही व्हा. नेहमी पावडर पाण्यात घालायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. ॲसिड, फिनाइल, तुरटी, खत, तेल यांच्या शेजारी ठेवायची नाही. ॲसिडशी संपर्क आला तर विषारी वायू सुटतो. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या स्वस्त मिळाल्या तरी टाकीत घालायच्या नाहीत, त्यांत पिण्याच्या पाण्याला न चालणारे घटक असू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून छाप असलेलाच माल घ्या.

५. रोज मोजा, आणि लांबच्या नळाशी मोजा

टाकीजवळच्या नळाशी मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे तिथेच मोजतात. तुम्ही रोज दोन ठिकाणी मोजा: टाकीतून पाणी बाहेर पडतं तिथे आणि शेवटच्या टोकाला. मधली घरं आलटून पालटून घ्या. पाणी सुटल्यावर पाइपातलं जुनं पाणी निघून जाऊ द्या आणि मग नमुना घ्या.

किटबद्दल चार सूचना, चारही चुकांतून शिकलेल्या.

पिवळा रंग देणारी जुनी ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) चाचणी अजून बऱ्याच ठिकाणी चालते. ती एकूण क्लोरिन दाखवते. पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असेल तर क्लोरिन त्याच्याशी जोडला जातो आणि तोही पिवळा रंग देतो, पण जंतू मारायला तो फार दुबळा असतो. म्हणजे पाणी दूषित होत असताना किट मात्र सगळं ठीक सांगतं. शिवाय ते रसायन आरोग्यालाही घातक मानलं जातं. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी वापरा. तिची पहिली गोळी मुक्त क्लोरिन दाखवते.

गोळी बोटांनी हाताळू नका, वेष्टनातून सरळ नळीत पाडा. रंग लगेच, मिनिटाच्या आत वाचा. जास्त थांबलात तर जोडलेला क्लोरिनही रंग द्यायला लागतो.

तिसरी चूक सगळ्यात फसवी आहे. पाण्यात क्लोरिन फार जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येतो आणि उडून जातो. नळी बिनरंगी दिसते. माणूस शून्य लिहितो आणि आणखी पावडर ओततो! टाकी धुतल्यानंतर माझ्याकडून हे झालं होतं. शंका आली तर एक भाग पाण्यात क्लोरिन नसलेलं नऊ भाग पाणी मिसळा, पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

चौथी: काचेच्या नळीवर ओरखडे किंवा डाग असले की वाचन चुकतं. रंग नेहमी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात पाहा.

६. प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना

क्लोरिनचं वाचन रोजचं. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेची. पाच हजारांहून कमी लोकसंख्येच्या नळयोजनेसाठी वर्षाला किमान बारा नमुने, म्हणजे महिन्याला एक, असं मार्गदर्शन आहे. तो एक नमुना दर महिन्याला त्याच सोयीच्या नळाचा घेऊ नका. जागा फिरवा, आणि पहिल्या पावसानंतरचा महिना चुकवू नका.

बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली हवी. तिच्या तळाला पांढरी भुकटी किंवा थेंब दिसला तर बाटली विसळू नका! ते सोडियम थायोसल्फेट असतं. नमुना घेतल्या क्षणी ते क्लोरिनचं काम थांबवतं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतला क्लोरिन जंतू मारत राहतो आणि अहवाल नळाच्या पाण्यापेक्षा चांगला येतो.

नळाला जाळी किंवा रबरी नळी असेल तर काढा. तोंड पुसून निर्जंतुक करा. धातूच्या नळाला ज्योत देतात, प्लास्टिकच्या नळाला क्लोरिनचं द्रावण चोळतात. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. बाटलीचं झाकण हातात धरा, खाली ठेवू नका, आतल्या बाजूला बोट लावू नका. वर थोडी मोकळी जागा ठेवून भरा. नळाचा पत्ता, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याचं नाव आणि त्याच क्षणी मोजलेला मुक्त क्लोरिन लेबलवर लिहा. थंड डब्यात, अंधारात ठेवा. सहा तासांत पोचवणं चांगलं, चोवीस तासांच्या पलीकडे नकोच. प्रयोगशाळा सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुने घेते का, ते फोन करून विचारा. मी एकदा न विचारता गेलो आणि नमुना वाया गेला.

रासायनिक तपासणीची बाटली वेगळी असते आणि घटकाप्रमाणे तिची पद्धतही बदलते. शिशासाठी बऱ्याच ठिकाणी रात्रभर नळात साचलेलं पहिलं पाणी मागतात, म्हणजे जंतूंच्या नमुन्याच्या नेमकं उलट.

७. अहवाल हातात आल्यावर

पहिली नजर ई-कोलायवर, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूवर. १०० मिलिलिटरमध्ये तो आढळताच कामा नये. एकही आढळला तर पाण्यात विष्ठेचा अंश पोचला आहे असं समजायचं आणि पायरी ९ वर जायचं. ई-कोलाय नाही पण एकूण कोलिफॉर्म (ई-कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा मोठा गट) आहेत, असं असेल तर कुठेतरी फट आहे, क्लोरिन कमी पडतो आहे किंवा पाइपात गाळ आहे. शोधायला लागा.

रासायनिक घटकांत आर्सेनिक ०.०१, शिसं ०.०१, फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ५०, सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. नायट्रेटचा सापळा लक्षात ठेवा. काही प्रयोगशाळा तोच घटक नायट्रोजन म्हणून लिहितात आणि तेव्हा मर्यादा ५० नसून सुमारे ११ असते. अहवालात ३० दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कशाचे ३० ते पाहा. तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. आर्सेनिक आणि फ्लोराइडही उकळून किंवा क्लोरिनने जात नाहीत. त्यासाठी दुसरा उगम किंवा वेगळी प्रक्रियाच लागते.

८. नोंदवही

रकाने मोजकेच ठेवा: तारीख, वेळ, ठिकाण, मुक्त क्लोरिन, पीएच, गढूळपणा, किती पावडर घातली, काय बिघडलं, काय केलं, सही. शेवटून दुसरे आणि तिसरे रकाने नसलेल्या वह्याच जास्त दिसतात, आणि तपासणीला आलेला जाणता अधिकारी तेच आधी शोधतो.

मोजलं नसेल तर रकान्यात ‘मोजलं नाही’ असं लिहा आणि कारण लिहा. गोळ्या संपल्या, माणूस आजारी होता, वीज नव्हती. हे लिहायला मला सुरुवातीला फार जड गेलं, कारण ते आपल्याच हाताने आपली चूक मांडण्यासारखं वाटतं. पण ‘गोळ्या संपल्या’ असं सलग तीन दिवस वहीत दिसलं तेव्हाच समितीने चौथ्या दिवशी पैसे काढले. खोट्या ०.५ ने चौदा महिन्यांत एक गोळी आली नव्हती.

खाडाखोड करायची तर एक रेघ मारा, वर नवा आकडा, बाजूला सही. पांढरी शाई नको. रोजचा आकडा तोच तो येत असेल तर स्वतः जाऊन मोजा, कारण खरं पाणी रोज सारखं नसतं. आणि आकडा वाईट आला म्हणून मोजणाऱ्याला रागावू नका. एकदा रागावलात की पुढचे सगळे आकडे चांगलेच येतील.

९. बिघडलं तर: पहिले काही तास

ई-कोलाय सापडला, क्लोरिनची यंत्रणा बंद पडली, मुख्य पाइप फुटून दाब गेला, पाणी अचानक गढूळ झालं किंवा एकाच आळीत जुलाबाचे रुग्ण वाढले, यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या अहवालाची वाट पाहत बसू नका. आधी लोकांना सांगा.

सूचनेत काय झालं, कोणत्या घरांना लागू, नेमकं काय करायचं, किती वेळ आणि कोणाला फोन करायचा, एवढं हवं. ‘पाणी खळाळून उकळा आणि झाकून गार करा. पिण्यासाठी, दात घासायला, बाळाच्या दुधासाठी, कच्च्या भाज्या धुवायला आणि बर्फासाठी तेच वापरा.’ भाषा अशी सरळ ठेवा. ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे वाक्य घालू नका. ते वाचून लोक पुढचं वाचतच नाहीत. गावाच्या फोनवरच्या गटात संदेश टाकून थांबू नका. ज्यांच्याकडे तसा फोन नाही अशी म्हातारी माणसं, भाडेकरू, शाळा, दवाखाना यांच्या दाराशी जा. मात्र रासायनिक दोष असेल तर ‘उकळा’ सांगू नका, पर्यायी पाण्याची सोय करा.

त्याच वेळी देखरेखीच्या खात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा, आणि कळवल्याची वेळ वहीत लिहा. वॉकरटनमध्ये प्रयोगशाळेचा वाईट अहवाल योजनेच्या लोकांपर्यंत आला होता, पण त्यांनी तो आरोग्य खात्याला वेळेवर सांगितला नाही. ते दिवस फार महागात पडले.

मग कारण शोधा, दुरुस्त करा, क्लोरिन वाढवून पाइप धुऊन काढा आणि पुन्हा नमुने घ्या. बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांच्या अंतराने सलग दोन नमुने स्वच्छ आल्यावर सूचना मागे घेतात. तुमच्या खात्याचा नियम पाहा. सूचना मागे घेतल्याचंही तितक्याच दारांपर्यंत जाऊन सांगा, नाहीतर अर्धी वस्ती महिनाभर उकळत राहते आणि पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही.

उघड्या तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी वापरत असाल तर एक ध्यानात असू द्या: क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीला नेहमीच्या डोसमधला क्लोरिन मारू शकत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने चार लाख माणसं आजारी पडल्याचा अंदाज आहे. अशा उगमाला चांगलं गाळण लागतंच.

१०. टाकी धुणं

वर्षातून निदान एकदा टाकी धुवा, गाळ जास्त येत असेल तर दोनदा. एकट्याने आत उतरू नका. बंद टाकीत हवा खराब असू शकते, त्यात क्लोरिनचा वास कोंडतो. झाकणं उघडून हवा खेळू द्या, वर एक माणूस कायम उभा ठेवा, उतरणाऱ्याला दोर बांधा. गाळ काढून, घासून, धुऊन झाल्यावर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरिनचं पाणी भरून चोवीस तास ठेवतात. ५०,००० लिटरच्या टाकीला ३३ टक्क्यांची साडेसात किलो पावडर. या काळात बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद आणि त्यावर पाटी. नंतर हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. मोकळ्या जमिनीवर थोडं थोडं सोडा. ताज्या पाण्याने भरून क्लोरिन नेहमीच्या पातळीवर आला की मगच नळ सुरू करा आणि जंतूंचा नमुना पाठवा.

११. दुसरा माणूस तयार करा

तुम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलात तर क्लोरिन कोण मोजणार? त्या माणसाचं नाव आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याच्याकडून बादलीची पद्धत एकदा करून घ्या, किट वाचायला लावा आणि तुमचा आकडा न सांगता दोघांनी एकाच नळाचं पाणी मोजा. आकडे जुळले की टाकीची दुसरी चावी त्याच्याकडे द्या. माझ्याकडे ही चावी आता व्हॉल्व्हमनच्या मुलीकडे असते. गेल्या पावसाळ्यात शेवटच्या नळाशी ०.१ आला तेव्हा रात्री साडेनऊला तिचाच फोन आला होता. पहाटेपर्यंत फुटलेला जोड सापडला.